दिल्ली विद्यापीठाचे वर्ग १७ फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्यक्ष. टप्प्याटप्प्याने परतण्याचा क्रम कसा ठरला?

मार्च २०२० पासून बंद असलेले दिल्ली विद्यापीठाचे नियमित वर्ग १७ फेब्रुवारी २०२२ पासून पुन्हा प्रत्यक्ष भरू लागले. विद्यापीठाने ९ फेब्रुवारी रोजी हा निर्णय जाहीर केला. त्यापूर्वी अनेक आठवडे विद्यार्थी संघटना या मागणीसाठी आंदोलन करीत होत्या. बाजारपेठा आणि चित्रपटगृहे खुली होऊनही विद्यापीठाला इतका विलंब का लागला, हा प्रश्न त्या काळात वारंवार विचारला गेला. या विलंबाचे कारण टप्प्याटप्प्याने परतण्याच्या पद्धतीत दडलेले आहे.

केंद्रीय गृह मंत्रालयाने ३० सप्टेंबर २०२० रोजी काढलेल्या आदेशाने या पद्धतीचा प्रारंभ झाला. त्यानुसार १५ ऑक्टोबरपासून केवळ पीएच.डी.चे संशोधक आणि प्रयोगशाळेची गरज असलेले विज्ञान व तंत्रज्ञान शाखांचे पदव्युत्तर विद्यार्थी यांनाच संस्थेत येण्याची मुभा मिळाली. व्याख्यान पडद्यावरून देता येते, मात्र रसायनांची अभिक्रिया, सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षण किंवा यंत्रावरील मोजमाप घरी बसून करता येत नाही, हे या प्राधान्याचे कारण होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी याच सूत्रावर सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे दिली. संशोधक आणि विज्ञानाचे पदव्युत्तर विद्यार्थी यांच्यानंतर अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना बोलवावे, एका वेळी एकूण विद्यार्थ्यांपैकी ५० टक्क्यांहून अधिक उपस्थित नसावेत, आठवड्याचे सहा दिवस वर्ग ठेवून गर्दी विभागावी, असे त्यात सुचविले होते. केंद्रीय अर्थसाह्य असलेल्या संस्थांत निर्णयाचा अधिकार संस्थाप्रमुखांना, तर राज्य विद्यापीठांत राज्य सरकारांना देण्यात आला. दिल्ली विद्यापीठ केंद्रीय असले तरी राजधानीतील निर्बंध दिल्ली आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण ठरवीत असल्याने प्रत्येक टप्प्यावर त्या प्राधिकरणाच्या आदेशाकडेही पाहावे लागले.

निम्म्या उपस्थितीची अट कागदावर सोपी वाटते. प्रत्यक्षात ६० विद्यार्थ्यांच्या वर्गाचे ३०-३० चे दोन गट होतात. मग शिक्षकाने तोच धडा दोनदा शिकवायचा, किंवा निम्मे विद्यार्थी समोर आणि निम्मे पडद्यावर ठेवून एकाच वेळी दोघांना सांभाळायचे, एवढेच पर्याय उरतात. पहिल्यात अध्यापनाचे तास दुप्पट होतात. दुसऱ्यात पडद्यापलीकडच्या विद्यार्थ्याची शंका मागे पडण्याचा धोका राहतो.

याहून अवघड प्रश्न वसतिगृहांचा होता. आयोगाने एका खोलीत एकाहून अधिक विद्यार्थी ठेवू नयेत, असे सांगितले होते. दोघांच्या खोल्या असलेल्या वसतिगृहाची क्षमता त्यामुळे थेट निम्म्यावर येते. शिवाय बाहेरगावाहून येणाऱ्यांना, चाचणीचा अहवाल नकारात्मक असला तरी, १४ दिवस विलगीकरणात राहणे आवश्यक ठरविण्यात आले. शेजारच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने २ नोव्हेंबर २०२० पासून प्रवेश खुला करताना अंतिम वर्षातील विज्ञान संशोधकांपैकी वसतिगृहात न राहणाऱ्यांना आधी आणि वसतिगृहवासीयांना त्यानंतर, १६ नोव्हेंबरपासून बोलावले, ते याच अडचणीमुळे.

दिल्ली विद्यापीठाने फेब्रुवारी २०२१ मध्ये अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकांसाठी लहान गटांत येऊ देण्यास सुरुवात केली. एप्रिलमधील दुसऱ्या लाटेने आणि दिल्लीतील टाळेबंदीने हा क्रम खंडित झाला. त्यानंतर १५ सप्टेंबर २०२१ पासून अंतिम वर्षाच्या विज्ञान विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके ५० टक्के क्षमतेने पुन्हा सुरू झाली. उपस्थिती ऐच्छिक होती आणि व्याख्याने ऑनलाइनच राहिली.

साथीच्या दृष्टीने हा क्रम सुसंगत होता. मात्र त्याची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. इतिहास, साहित्य किंवा राज्यशास्त्र शिकणाऱ्यांची प्रयोगशाळा म्हणजे ग्रंथालय आणि वर्गातील चर्चा. प्राधान्याच्या यादीत त्यांना अखेरपर्यंत ठळक स्थान मिळाले नाही. २०१९ मध्ये पदवीला प्रवेश घेतलेल्यांना जेमतेम आठ महिने वर्गात बसता आले आणि फेब्रुवारी २०२२ पर्यंत त्यांचे शेवटचे वर्ष संपत आले होते. १८ नोव्हेंबर २०२० रोजी ऑनलाइन सुरू झालेल्या तुकडीतील अनेक जण दुसऱ्या वर्षात असूनही त्यांनी तोपर्यंत आपल्या महाविद्यालयातील एकही तास प्रत्यक्ष अनुभवलेला नव्हता.

ऐच्छिक उपस्थितीचा अर्थही प्रत्येकासाठी वेगळा होता. विद्यापीठाच्या सुमारे ९० महाविद्यालयांपैकी मोजक्याच ठिकाणी वसतिगृहे आहेत. महाराष्ट्र, बिहार, केरळ किंवा ईशान्येकडून आलेला विद्यार्थी बहुधा कमलानगर, विजयनगर, सत्यनिकेतन अशा वस्त्यांत पेइंग गेस्ट म्हणून राहतो. आठवड्यातील एक-दोन प्रात्यक्षिकांसाठी पूर्ण महिन्याचे भाडे भरणे अनेक कुटुंबांना परवडणारे नव्हते. पर्याय कागदावर सर्वांना होता, पण तो वापरता आला मुख्यतः दिल्लीतच घर असलेल्यांना. दुसरीकडे, गावी राहिलेल्यांचे शिक्षण मोबाइलच्या जोडणीवर आणि घरातील एकमेव फोन कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून राहिले.

फेब्रुवारी २०२२ पर्यंत परिस्थिती बदलली होती. लसीकरण व्यापक झाले होते आणि प्राधिकरणाने ४ फेब्रुवारीच्या बैठकीत उच्च शिक्षण संस्था उघडण्यास मान्यता दिली. बाहेरून येणाऱ्यांसाठी सुचविलेला विलगीकरणाचा काळ १४ वरून ३ दिवसांवर आला. तरीही घोषणा आणि पहिला वर्ग यांत आठच दिवसांचे अंतर होते. विलगीकरणाचे तीन दिवस वगळता रेल्वेचे आरक्षण मिळवणे, दिल्ली गाठणे आणि खोली शोधणे यासाठी पाचच दिवस उरले.

वर्ग भरू लागल्यावरही काही प्रश्न शिल्लक राहणार होते. न झालेली प्रात्यक्षिके कशी भरून काढायची, आणि उशिरा पोहोचणाऱ्यांना मधल्या काळात अध्यापन कसे उपलब्ध करून द्यायचे, हे महाविद्यालयांना ठरवावे लागणार होते. विज्ञानाच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी तर ही सोय सत्र संपण्यापूर्वीच करावी लागणार होती.