छापील अक्षर वाचता येत नाही? तरीही ग्रंथालय आहे!

'सुगम्य पुस्तकालय' हे नाव ऐकलंय का? 2016 साली सुरू झालेलं हे भारतातलं ऑनलाइन ग्रंथालय. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी इथे अनेक भारतीय भाषांतली पुस्तकं आहेत, मराठीसुद्धा.

👉 कोणासाठी?
फक्त अंधांसाठी नाही! अल्पदृष्टी असलेले, डिस्लेक्सियामुळे अक्षरं न लागणारे, हातात पुस्तक धरणं किंवा पान उलटणं जमत नाही असे वाचकही यात येतात. नावनोंदणीसाठी अपंगत्वाचा दाखला हाताशी ठेवा.

👉 डेझी पुस्तक म्हणजे काय?
इथली पुस्तकं 'डेझी' या ऐकण्याच्या स्वरूपातही मिळतात. साध्या ध्वनिमुद्रणात हवं ते पान शोधायला नुसतं पुढे-मागे करत बसावं लागतं. डेझीत थेट तिसऱ्या प्रकरणावर किंवा ठरावीक पानावर जाता येतं, खूण ठेवता येते. अभ्यास करणाऱ्यांना याचं मोल विचारा!

👉 पुस्तकांच्या अशा प्रती करणं कायदेशीर आहे?
हो. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा अशा वाचकांसाठी सुगम प्रत करायला मुभा देतो. 2013 च्या माराकेश करारामुळे अशा प्रती देशोदेशी पाठवता येतात. या कराराला सर्वांत आधी, 2014 मध्ये, मान्यता देणारा देश भारतच!

इंटरनेट नको, बोटांनीच वाचायचंय? ब्रेल पुस्तकं टपालाने मागवता येतात. अंधांसाठीच्या साहित्याला भारतीय डाकेत टपालखर्च माफ आहे.

ओळखीत असा कोणी वाचक असेल, तर त्याला नुसती ही पोस्ट पाठवू नका. शेजारी बसून नोंदणीही करून द्या. 📚