आपल्या कॉलेजची फुटबॉल मॅच कुठे बघायची?

नागपूरच्या लोकमान्य नगर मेट्रो स्टेशनावर उतरून हिंगण्याकडे निघालं की डिगडोह आणि वानाडोंगरीपर्यंत कॉलेजांची रांगच लागते. यातल्या बऱ्याच कॉलेजांत फुटबॉलची चमू आहे आणि तिच्यावर जीव टाकणारी पोरंही आहेत. पण उद्या मॅच आहे का, असली तर कोणत्या मैदानावर, हे विचारा; होस्टेलमध्ये दहाजणांची दहा उत्तरं मिळतील. निकाल मात्र दोन दिवसांनी पेपरात क्रीडा पानाच्या तळाशी तीन ओळींत छापून येतो. तोवर बघायचं ते बघायचं राहून गेलेलं असतं.

मॅच कुठे बघायला मिळणार हे चमूवर नाही, ती स्पर्धा कोण भरवतं यावर ठरतं. एवढं ध्यानात आलं की अर्धा शोध संपला. हिंगणा रोडवरच बघा. वानाडोंगरीचं यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहे, म्हणून त्याच्या मॅचेस नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत होतात. डिगडोहच्या लता मंगेशकर हॉस्पिटलला जोडलेलं वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं. तिथल्या पोरांचं वेळापत्रक नाशिकहून ठरतं. वानाडोंगरीतच दत्ता मेघे अभिमत विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्या विद्यापीठाचं मुख्यालय वर्ध्याजवळ सावंगीला. पॉलिटेक्निकच्या स्पर्धा तर आणखी वेगळ्या. एकाच रस्त्यावरची ही कॉलेजं, आणि एकाचं वेळापत्रक दुसऱ्याच्या नोटीस बोर्डावर कधीच लागत नाही.

म्हणून पहिली विचारणा कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकांकडे करावी, म्हणजे पोरं ज्यांना नुसतं ‘स्पोर्ट्सचे सर’ म्हणतात त्यांच्याकडे. या पेशातल्या माणसांचं मोल नागपूरला सांगायची गरज नाही. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांच्या पायाशी फुटबॉल आणून दिला, त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं आणि 2022 साली नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आला. सरांकडे स्पर्धेचा ड्रॉ असतो. मोबाइलवर त्याचा फोटो काढून घ्या.

हा कागद वाचता आला पाहिजे. डावीकडे कॉलेजांची नावं एकाखाली एक, उजवीकडे कंस, आणि प्रत्येक कंसावर सामना क्रमांक, तारीख, वेळ. नावापुढे ‘बाय’ असेल तर आपली चमू पहिल्या फेरीत खेळणारच नाही, त्या दिवशी मैदानावर जाऊन हात हलवत परत यावं लागेल. पुढच्या कंसात नाव नसतं, ‘विजेता सामना क्र. 3’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ती मॅच आपली आहे की नाही हे आधीच्या दिवशी संध्याकाळी कळतं. स्पर्धा बाद पद्धतीची, एक हार म्हणजे घर. समोरची चमू आलीच नाही तर वॉकओव्हर, आणि मॅच होतच नाही. त्यामुळे निघण्याआधी सकाळी एक फोन करावाच. पाऊस झाला असेल तर हमखास.

या पातळीवरच्या मॅचेस टीव्हीवर येत नाहीत. फार तर बदली खेळाडूंपैकी कुणीतरी मोबाइल धरून इन्स्टाग्रामवर लाइव्ह करतो, आणि गोल होतो नेमका त्या क्षणी मोबाइल आभाळाकडे जातो. मैदान गाठणं हाच खरा उपाय, आणि मला तोच सगळ्यात आनंदाचा वाटतो. साइड लाइनच्या हातभर अंतरावर उभं राहून डिफेंडर एकमेकांना काय ओरडतात ते ऐकलं, की खेळ कळायला लागतो. हिंगण्याकडच्या माणसाला मेट्रोची अॅक्वा लाइन सोयीची आहे. लोकमान्य नगर ते सीताबर्डी हा टप्पा जानेवारी 2020 मध्ये सुरू झाला. फुटबॉलचं वेड जवळून बघायचं असेल तर कामठीला जावं, रब्बानी फुटबॉल क्लबच्या पोरांचं गाव ते. त्यासाठी सीताबर्डीला गाडी बदलून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो, पुढे बस किंवा ऑटो. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रानं मंजूर केलेल्या मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात लोकमान्य नगर ते हिंगणा आणि ऑटोमोटिव्ह चौकातून कामठीमार्गे कन्हान नदी, या दोन्ही मार्गिका आहेत. त्या झाल्या की हा प्रवास खूपच सुकर होईल.

कॉलेज हरलं तरी सगळं संपत नाही. त्याच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाची चमू निवडतात. आपल्या कॉलेजचा एखादा पोरगा तिच्यात निवडला जाऊन ‘कलर होल्डर’ झाला, की पुढची चमूही आपलीच. ती पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरते. ही स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाच्या कार्यक्रमानुसार दरवर्षी कुठल्यातरी यजमान विद्यापीठात होते. इथे लोक हमखास चुकतात: यूट्यूबवर आपल्या विद्यापीठाचं नाव टाकून शोधतात. शोधायचं ते यजमान विद्यापीठाचं नाव, कारण प्रक्षेपण केलं तर तेच करतात. विभागातून वर गेलेल्या चमू अखिल भारतीय स्पर्धेत भिडतात, आणि त्यातल्या निवडक चमूंना खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सचं दार उघडतं. हे खेळ मात्र टीव्हीवर दिसतात. 2020 मध्ये भुवनेश्वरला झालेले पहिले खेळ स्टार स्पोर्ट्सवर होते. वाहिनी दरवेळी तीच राहील असं नाही, म्हणून स्पर्धा जवळ आली की तपासून घ्यावं.

अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्या पोरांची अडचण याच्या उलट आहे. तिथला कॉलेज फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा खेळ, आणि मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखावर माणूस बसतं. टीव्ही प्रक्षेपणावरचं तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचं नियंत्रण 1984 मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयानं मोडीत काढलं. तेव्हापासून विद्यापीठांचे गट आपापले हक्क वेगवेगळ्या वाहिन्यांना विकतात, आणि एकाच चमूच्या मॅचेस तीन-चार ठिकाणी विखुरतात. तिथेही आधी विचारावं लागतं ते हेच, की मॅच कोणाच्या यजमानपदाखाली आहे आणि तिचे हक्क कोणाकडे आहेत.

इकडे हिंगण्यात, सरांकडे ड्रॉ मागायला जाल तेव्हा मुलींच्या स्पर्धेचाही मागा. तो वेगळ्या कागदावर असतो, तारखाही बहुधा वेगळ्या असतात, आणि कुणी विचारत नाही म्हणून तो ग्रुपवर टाकायचा राहून जातो.