स्क्रीनमागचं बेंगळुरू

कर्नाटकातल्या मैलूरच्या भर उन्हात लॅपटॉप उघडला की चित्र फिकं पडतं नि आपलंच तोंड दिसतं. त्याच्या एलसीडी स्क्रीनमधले द्रवस्फटिक स्वतः उजळत नाहीत; मागच्या एलईडीचा उजेड किती सोडायचा, एवढंच त्यांचं काम. फुल एचडी स्क्रीनवर लाल, हिरवे, निळे मिळून तब्बल ६२ लाख ठिपके! पाण्याचा बारीक थेंब टाकून बघा, सुटे दिसतील. ओएलईडी मोबाइलात प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो, म्हणून तिथला काळा खरा काळा.

आणि हे फारसं कुणी सांगत नाही: चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक आपल्याच कर्नाटकात, बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत, एस. चंद्रशेखर यांच्या गटाने १९७७ साली शोधले. एलसीडी तिरपी बघितली तरी नीट दिसावी म्हणून पुढे अशाच रेणूंची फिल्म वापरात आली.