शरीराचा तोल कसा सांभाळला जातो?

लंगडीच्या डावात एखादा विद्यार्थी वारंवार पडतो. सोबती हसतात आणि शिक्षकही कधी कधी त्याला ‘वेंधळा’ म्हणून मोकळे होतात. वस्तुतः दोन पायांवर स्थिर उभे राहणे हीदेखील दिसते तितकी साधी क्रिया नव्हे. तिचे मर्म जाणल्यास पाठ रंगतदार होईलच, शिवाय एखाद्या बालकावरचा अन्यायही टळेल.

तोल सांभाळण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून वर्दी मिळते. पहिले ठिकाण डोळे. दुसरे अंतःकर्ण. प्रत्येक अंतःकर्णात परस्परांशी सुमारे काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकृती नलिका असून त्यांत द्रव असतो. डोके वळले की हा द्रव किंचित मागे रेंगाळतो व तेथील केसयुक्त पेशींना त्याची जाणीव होते. याच इंद्रियाच्या संशोधनाबद्दल रॉबर्ट बारानी यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. तिसरे ठिकाण म्हणजे स्नायू, सांधे व तळपाय. कोणता स्नायू किती ताणला गेला, हे तेथील ज्ञानतंतू कळवितात.

या साऱ्यांचा मेळ घालण्यात लहान मेंदूचा वाटा मोठा आहे. शरीर पुढे झुकू लागताच क्रियातंतूंमार्फत पोटऱ्यांच्या स्नायूंना आज्ञा पोचते. ते आकुंचन पावतात आणि शरीर मागे ओढले जाते. हे सर्व निमिषार्धात व आपल्या नकळत घडते.

वर्गात दोन प्रयोग करावेत :

(१) विद्यार्थ्यास प्रथम डोळे उघडे ठेवून व नंतर मिटून एका पायावर उभे करावे. पडू लागल्यास सावरण्यासाठी शेजारी कोणीतरी असावे. डोळे मिटताच शरीर अधिक डोलते, कारण तीनांपैकी एक वर्दी थांबलेली असते.

(२) पाण्याने भरलेल्या तांब्यात गवताची काडी टाकून तांब्या जमिनीवर ठेवून काही वेळ गरगर फिरवावा व एकदम थांबवावा. तांब्या थांबला तरी काडी फिरतच राहते. फुगडी थांबविल्यावर कानातील द्रवाचेही असेच होते. डोळे म्हणतात ‘थांबलो’, कान म्हणतो ‘फिरतो आहे’. या विसंवादामुळे भोवळ येते.

सहा-सात वर्षांच्या मुलाचा तोल प्रौढाइतका पक्का नसतो. तो सरावाने व वयाने सुधारतो. म्हणून लंगडी, दोरीवरच्या उड्या, आखलेल्या रेषेवरून चालणे यांना रोज थोडा वेळ द्यावा. मात्र पूर्वी नीट चालणारे मूल अलीकडे झोकांड्या देऊ लागले, कान वाहत असून त्याला चक्कर येऊ लागली, अथवा सकाळी डोकेदुखी व उलट्या होऊ लागल्या, तर तो वेंधळेपणा समजू नये. पालकांस त्वरित बोलावून मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखविण्यास सांगावे. अशा मुलाला शिक्षेची नव्हे, तपासणीची गरज असते. आणि ही गरज पुष्कळदा सर्वांआधी शिक्षकाच्याच नजरेस येऊ शकते.