वेलांटीची जागा
घरचं सॉफ्टवेअर : लेखांक ४

कृतिदेव या फॉण्टमध्ये टाइप केलेली जुनी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, की ‘दिनांक’च्या जागी एफ, एन, यू, के, ए, डी अशी सहा इंग्रजी अक्षरं दिसतात. फाइल बिघडलेली नसते. तिच्यात पहिल्यापासून हीच सहा अक्षरं साठवलेली असतात. फॉण्ट त्यांना देवनागरी रूप देतो आणि फॉण्ट नसला की ते रूप जातं. युनिकोडमध्ये मात्र १९९१पासून देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत. तेव्हा आपल्या अ‍ॅपचं काम एवढंच: जुना मजकूर कॉपी करावा, दोन कळा दाबाव्यात, युनिकोडमध्ये पेस्ट करावा.

गेल्या आठवड्यात अक्षरांचा तक्ता झाला. डी म्हणजे क, एन म्हणजे द, के म्हणजे काना. पण भ हा कॅपिटल एच आणि के मिळून होतो. आधी के बदलला, तर अर्ध्या भ् ला काना लटकतो. म्हणून तक्त्यातल्या लांब जोड्या आधी बदलायच्या, सुटी अक्षरं नंतर.

खरी अडचण क्रमाची आहे. कृतिदेवची मांडणी रेमिंग्टन टाइपरायटरची. कागदावर पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे उमटते, म्हणून ती आधी टाइप करायची. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालतो: ‘दिनांक’मध्ये आधी द, मग वेलांटी. ‘स्थित’मध्ये तर वेलांटीला अर्धा स् आणि थ असे दोन्ही ओलांडून जावं लागतं. एकच अक्षर ओलांडणारा नियम इथे फसतो. रफाराचं उलट. ‘वर्षा’त तो कान्याच्याही नंतर टाइप होतो, आणि युनिकोडमध्ये त्याला मागे ष च्या आधी नेऊन बसवावं लागतं.

आता खिडकी. दोन मोठे चौकोन आणि मध्ये बटण, अशी रचना सहज सुचते. मला ती नको वाटते. नोटिशी टाइप करणाऱ्या माणसाला वर्डमधून उठून दुसरीकडे जायला लावणं हाच नवा त्रास आहे. अ‍ॅप मागे चालू राहावं आणि क्लिपबोर्डवरच काम करावं.

याचा आणखी एक फायदा आहे. नुसता मजकूर घेतला, तर मधला इंग्रजी ईमेल पत्ताही देवनागरी होऊन बसतो, कारण अक्षरं दोन्हीकडे तीच. पण वर्ड कॉपी करताना साध्या मजकुरासोबत एचटीएमएल रूपही क्लिपबोर्डवर ठेवतो, आणि त्यात फॉण्टचं नाव असतं. अ‍ॅपने ते वाचावं, कृतिदेवचे तुकडे तेवढे बदलावेत, बाकीच्याला हात लावू नये.

पुढच्या वेळी चाचणी. तोवर आपल्या जुन्या फायलींतून ‘आर्थिक’, ‘वार्षिक’, ‘निर्मिती’ असे दहा शब्द काढून ठेवा. ‘आर्थिक’मध्ये वेलांटीला थ च्या पुढे जायचंय आणि रफाराला त्याच थ च्या मागे.