पोपटाच्या पिल्लाचा आहार

बडोदे या नगराचे नावच वडाशी निगडित आहे. वडाची तांबडी फळे पिकली की हिरव्या पोपटांचे थवे त्यावर उतरतात आणि खाल्ल्यापेक्षा अधिक फळे खाली टाकून जातात. पोपटाशी या शहराचा आणखीही एक संबंध आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या पदरी शिकविलेले पोपट होते. चांदीच्या इवल्याशा सायकली चालवून आणि अखेरीस लहानशी तोफ उडवून ते राजवाड्यातील पाहुण्यांचे मनोरंजन करीत. आम्हांस मात्र येथे पोपटाच्या कसरतींविषयी नव्हे, तर त्याच्या वाटीविषयी लिहावयाचे आहे; आणि तेही तो पिल्लू असतानाच्या.

प्रारंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्याला आपण लाडाने राघू म्हणतो, तो आपल्याकडील हिरवा पोपट पकडणे, विकणे व घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. झाडाच्या ढोलीतून काढलेली त्याची पिल्ले आजही चोरून विकली जातात. ती विकत घेणाऱ्याने दया म्हणून घेतली तरी पुढल्या वर्षी आणखी एक ढोली रिकामी होते. असे पिल्लू वाऱ्याने खाली पडलेले आढळल्यास त्याला भोके पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर उबेत ठेवावे, चोचीत पाणी ओतू नये (ते श्वासनलिकेत जाते), आणि वनखात्यास कळवावे. पुढे आम्ही जे सांगणार आहोत ते पिंजऱ्यात जन्मलेल्या परदेशी पक्ष्यांविषयी, म्हणजे बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकला जाणारा बजरीगर आणि डोक्यावर तुरा असलेला कॉकाटील यांच्याविषयी आहे. हे दोघेही मूळचे ऑस्ट्रेलियाचे.

पिल्लू जन्मते ते आंधळे व उघडे. आईबाप स्वतः खाल्लेले अन्न मऊ करून त्याच्या चोचीत घालतात. ते प्रथम गळ्याखालच्या पिशवीत साठते आणि तेथून थोडे थोडे पुढे सरकते. म्हणून जोवर आईबाप भरवीत आहेत तोवर माणसाने मध्ये पडू नये, हेच उत्तम. काही कारणाने हाताने भरविणे भाग पडले, तर पिल्लांसाठी तयार मिळणारे पीठ कोमट पाण्यात कालवून, सुमारे ३८ ते ४० अंश सेल्सिअस उष्णतेचे असताना द्यावे. याहून गरम असेल तर ती पिशवी आतून भाजते. थंड असेल तर अन्न तेथेच पडून आंबते. अदमासाने न चालता उष्णतामापक वापरावा. आधीचे अन्न पुढे सरकल्यावाचून पुन्हा भरवू नये. पिल्लू चोच उघडून ओरडते म्हणून भरवीतच राहणे, ही मायेची रीत पिल्लाला मानवत नाही.

आपल्या घरांतून पिल्लाला दुधात कुस्करलेली पोळी देण्याची चाल आहे. ती सोडलेलीच बरी. पक्षी आपल्या पिलांना दूध पाजीत नाहीत. दुधातील साखर पचविण्याची सोय त्यांच्या शरीरात नसते.

पाच-सहा आठवड्यांचा बजरीगर, आणि त्यानंतर काही दिवसांनी कॉकाटील, स्वतः दाणे टिपू लागतो. खरी कसोटी येथून पुढे लागते. वाटीत राळे, बाजरी आणि सूर्यफुलाच्या बिया ओतल्या की पिल्लू आनंदाने खाते, आणि घरच्यांना वाटते, पोट भरले. परंतु नुसत्या दाण्यांत अ जीवनसत्त्व आणि चुना फार थोडा असतो, तर सूर्यफुलात तेल भरपूर. पोट रोज भरते आणि शरीर मात्र उपाशी राहते! अ जीवनसत्त्व कमी पडले की तोंडाचे व श्वासमार्गाचे अस्तर बिघडते. चुना कमी पडला की वाढती हाडे वाकतात. हे एका दिवसात दिसत नाही, म्हणूनच ते अधिक घातक.

रानातला पोपट असा एका धान्यावर राहत नाही. तो आज वडाची फळे, उद्या बोरे, मग कणसातील कोवळे दाणे, शेवरीच्या फुलांतला मध असा हिंडत खातो. आपल्या वाटीतही तेवढे वैविध्य हवे. खंडेराव मार्केटमध्ये त्याची कसलीच वाण नाही. किसलेले गाजर, लाल भोपळा, उकडलेले रताळे, शेवग्याचा कोवळा पाला, मेथी, कोथिंबीर, मोड आलेले मूग, पेरूची फोड. मिरचीही चालेल, तिचा तिखटपणा पक्ष्याला जाणवत नाही. पालक बेताने द्यावा, कारण तो चुना शोषू देत नाही. पिंजऱ्याला समुद्रफेनाचा तुकडा अडकवून ठेवावा. पिल्लू नव्या भाजीला पहिले आठ-दहा दिवस तोंड लावणार नाही; तरी ती रोज ठेवीत जावे. कोवळ्या वयात जे खाण्याची सवय लागते तेच पुढे रुचते, आणि दाण्यांना चटावलेला प्रौढ पोपट वळविणे फार जिकिरीचे असते. भाजी चिरलेली असल्यास उन्हाळ्यात दोन-तीन तासांत काढून टाकावी.

आणि बडोद्याची शेव-उसळ? ती आपणच खावी. मीठ व तेल या चिमुकल्या देहाला सोसत नाही. चहा, चॉकलेट, कांदा आणि अलीकडे दुकानांत दिसू लागलेले अव्होकाडो ही तर पोपटास विषासमान होत. शेंगदाण्याला बुरशी असेल तर यकृत बिघडते, तेव्हा जुना, कुबट वासाचा दाणा टाकून द्यावा.

पिल्लाचे रोज सकाळी, खाण्यापूर्वी, स्वयंपाकघरातील ग्रॅम दाखविणाऱ्या काट्यावर वजन करून वहीत टिपून ठेवावे. शाळकरी मुलांना हे काम आवडते. बजरीगर अवघा ३० ते ४० ग्रॅमचा. स्वतः खाऊ लागताना वजन किंचित उतरते, ते स्वाभाविक आहे. पण चार ग्रॅम गेले म्हणजे देहाचा दहावा हिस्सा गेला. पक्षी आजार लपवितो, पिसे फुगवून गप्प बसेपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो. वहीतील आकडा सलग दोन दिवस खाली आला, तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्याकडे जावे, आणि जाताना ती वही बरोबर न्यावी.