चाकाच्या लॉक नटची चावी हरवली? घाबरू नका, आधी हे वाचा!

गाडी पंक्चर झाली. डिकीत स्टेपनी आहे, जॅक आहे, पानाही आहे. एकेक करत तीन नट निघाले, पण चौथ्यावर पाना बसेचना. नीट पाहिलं तर त्या नटाचं डोकं षटकोनी नाहीच, त्यावर फुलासारखी काहीतरी विचित्र नक्षी आहे! असं झालं तर समजा की तुमच्या गाडीला लॉकिंग व्हील नट आहेत आणि ते उघडायला वेगळी चावी लागते.

खरी अडचण इथूनच सुरू होते. ही चावी आपल्याकडे आहे हेच अनेकांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांना ती कुठे ठेवली ते आठवत नाही. मंडळी, अशा वेळी नेमकं काय करायचं ते आज पाहूया.

हा लॉक नट असतो तरी कशासाठी?

अलॉय व्हील महाग असतात. रात्रीतून चारही चाकं गायब आणि गाडी विटांवर उभी, असे फोटो तुम्हीही सोशल मीडियावर पाहिले असतील. साध्या नटाला कुठलाही चाकपाना चालतो, त्यामुळे चोराचं काम सोपं होतं. यावर उपाय म्हणून प्रत्येक चाकाच्या चार किंवा पाच नटांपैकी एक नट वेगळ्या नक्षीचा बसवतात. काही गाड्यांना नटाऐवजी बोल्ट असतात, पण तत्त्व तेच.

ही चावी म्हणजे गॅरेजमधल्या गोटीसारखा लोखंडी तुकडा. तिचं एक टोक नटाच्या नक्षीत बसतं आणि दुसऱ्या टोकावर नेहमीचा चाकपाना लागतो. आकाराने ती मुठीत मावेल एवढी असते, आणि म्हणूनच सहज हरवते.

आधी शोधा, मग खर्च करा

चावी हरवली असं वाटतं तेव्हा पुष्कळदा ती गाडीतच असते. या जागा आधी तपासा :

- डिकीतल्या चटईखाली, स्टेपनीच्या मधल्या खोलगट भागात
- जॅक आणि पाना ठेवलेल्या पिशवीत किंवा थर्माकोलच्या खाच्यात
- डॅशबोर्डच्या कप्प्यात, मॅन्युअलच्या पाकिटात
- दोन सीटमधल्या आर्मरेस्टखाली
- दाराच्या खिशात आणि पुढच्या सीटखाली
- डिकीच्या बाजूच्या छोट्या कप्प्यात

तरीही सापडली नाही तर शेवटचं चाक कुणी काढलं होतं ते आठवा. टायर बदलताना, अलाइनमेंट करताना किंवा सर्व्हिसिंगला चावी बाहेर काढली जाते आणि काम झाल्यावर पान्यातच अडकून राहते. तिथे एक फोन करून विचारा. एखाद्या टायरवाल्याच्या टेबलावर ती तुमची वाट पाहत पडलेली असू शकते.

रस्त्यात अडकलात तर?

हायवेवर असाल तर चावीपेक्षा जीव महत्त्वाचा. गाडी डाव्या बाजूला जितकी आत घेता येईल तितकी घ्या, चारही इंडिकेटर लावा, मागे सुमारे ५० मीटरवर लाल त्रिकोण ठेवा आणि सगळ्यांना गाडीतून उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा.

आता थोडा विचार करा : चाक काढायची खरंच गरज आहे का? आजच्या बहुतेक गाड्यांना ट्यूबलेस टायर असतात. खिळ्याने पडलेलं भोक टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात असेल, तर पंक्चरवाला चाक न काढताच रबरी पट्टी घालून ते बुजवू शकतो. हवा हळूहळू जात असेल आणि गाडीत हवा भरायचा छोटा पंप असेल, तर हवा भरून सावकाश जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जाता येतं. मात्र टायर बाजूने फाटला असेल तर यातलं काही चालत नाही. तसंच हवा पूर्ण गेलेल्या टायरवर गाडी रेटू नका, टायर तर जाईलच आणि महागडं अलॉयही वाकेल.

यातून काहीच जमलं नाही तर गाडी उचलून न्यावी लागेल. कंपनीची किंवा विम्यासोबत घेतलेली रोडसाइड असिस्टन्स सेवा चालू आहे का ते पाहा. फोन करताना ‘लॉक नटची चावी नाही’ हे आधीच सांगा. नाहीतर ते स्टेपनी बदलायला माणूस पाठवतील आणि तोही हात हलवत परत जाईल. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

नवी चावी मिळते का?

मिळते, पण त्यासाठी योग्य नक्षी कळायला हवी. कंपनीने बसवलेले लॉक नट असतील तर अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठा. सोबत आरसीवरचा १७ अक्षर-अंकी चेसिस नंबर आणि नटाच्या डोक्याचा समोरून काढलेला स्पष्ट फोटो ठेवा. काही कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरकडे वेगवेगळ्या नक्षींच्या चाव्यांचा संपूर्ण संच असतो. त्यातली एकेक लावून तुमची कोणती ते कळतं, मग नट काढता येतात आणि नवी चावी मागवता येते.

नट बाहेरून घेतलेले असतील तर खोक्यात एक छोटं कार्ड आलं असेल. त्यावर एक कोड छापलेला असतो. तोच कोड बऱ्याचदा चावीवरही कोरलेला असतो. कार्ड सापडलं तर त्या कोडवरून बनवणाऱ्या कंपनीकडे दुसरी चावी मागवता येते.

चावी मिळालीच नाही तर नट कसा काढतात?

अनुभवी टायरवाले आणि मिस्त्री यासाठी तीन मार्ग वापरतात.

पहिला : आतून उलट्या पिळाच्या धारदार कडा असलेली खास गोटी नटावर ठोकून बसवतात. पाना फिरवला की त्या कडा नटात रुततात आणि नट सैल होतो. काही जण थोड्या लहान मापाची साधी गोटी ठोकून हेच काम करतात. पण काही लॉक नटांवर नुसतं गोल फिरणारं कडं असतं. तिथे गोटी कड्यासोबत फिरत राहते आणि नट जागचा हलत नाही.

दुसरा : लॉक नटावर दुसरा साधा नट वेल्डिंगने जोडतात आणि त्याला पाना लावून फिरवतात. हे काम हात बसलेल्या माणसाचंच, कारण उष्णतेने अलॉयचा रंग आणि टायर दोन्ही खराब होऊ शकतात.

तिसरा : ड्रिलने नट पोखरणं. लॉक नट कठीण पोलादाचा असतो, त्यामुळे वेळ लागतो आणि ड्रिल घसरून अलॉयवर ओरखडे पडायची भीती असते. म्हणून हा अगदी शेवटचा उपाय.

कुठलाही मार्ग असला तरी काम सुरू व्हायच्या आधी खर्च किती आणि अलॉय खराब झालं तर जबाबदारी कोणाची, हे विचारून घ्या. गाडी फक्त जॅकवर उचललेली असताना ठोकाठोक कधीही करू देऊ नका, जॅक सरकला तर जिवावर बेतू शकतं. छिन्नी-हातोडा घेऊन घरी प्रयोगही नकोत. नक्षी एकदा झिजली की खरी चावी सापडूनही उपयोग होत नाही.

नट निघाल्यावर हे विसरू नका

एका चाकाचा नट ठोकून काढला तर उरलेल्या तीन चाकांचेही त्याच वेळी काढून घ्या. नाहीतर पुढच्या पंक्चरला पुन्हा तेच रामायण!

नवे नट घेताना माप तंतोतंत जुळायला हवं. मारुतीच्या बहुतेक छोट्या गाड्यांना १२ मिमी जाडीचे आणि १.२५ मिमी आट्यांचे नट लागतात, ह्युंदाईच्या गाड्यांना १२ मिमी आणि १.५ मिमीचे, तर फोक्सवॅगन-स्कोडाला बहुधा १४ मिमीचे बोल्ट. नट चाकावर जिथे टेकतो तो भाग कुठे शंकूसारखा तर कुठे चेंडूसारखा गोल असतो. तोही जुळला नाही तर घट्ट वाटणारा नट चालत्या गाडीत सैल होऊ शकतो. नट तिरप्या क्रमाने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

पुन्हा हरवू नये म्हणून

१. चावीचा आणि कोडचा फोटो आजच काढून स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवा.

२. चावीची जागा एकच ठरवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

३. लॉक नट एअर गनने काढू किंवा आवळू देऊ नका. झटक्याने नक्षी तुटते. हातपाना वापरायला सांगा.

४. गॅरेजमधून निघताना गाडीच्या चावीसोबत ही चावीही मागून घ्या.

५. जुनी गाडी घेताना कागदपत्रांबरोबर लॉक नटची चावी तपासा आणि एकदा लावूनही पाहा.

मग असे नट ठेवावेत की नाही? गाडी रात्रभर रस्त्यावर उभी राहत असेल आणि अलॉय महाग असतील तर जरूर ठेवा. उलट्या पिळाची गोटी चोरालाही मिळू शकते, त्यामुळे या नटांनी चोरी अशक्य होत नाही, पण वेळखाऊ आणि आवाजाची नक्कीच होते. गाडी बंद पार्किंगमध्ये राहत असेल आणि चाकं साधी लोखंडी असतील, तर साधे नट पुरेसे आहेत.

तुमच्या गाडीला लॉक नट आहेत का? आज खाली उतरलात की चाकाकडे एकदा बघा आणि चावी कुठे आहे तेही पाहून ठेवा. लांबच्या प्रवासाला निघालेल्या मित्रमैत्रिणींनाही हा लेख पाठवायला विसरू नका!